जुन्या डेस्कटॉपचा घरगुती फाइल सर्व्हर करायचाय: भंगारात द्यावा की कामाला लावावा?

प्रीतिसंगम | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

दिवाळीची साफसफाई काढली आहे. माळ्यावरून २०११ साली घेतलेला डेस्कटॉप खाली आला. कोअर आय-३ २१००, एच-६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. लावून पाहिला, सुरू झाला. पण त्यावर विंडोज १० आहे, त्याचे अपडेट येत्या १४ तारखेला बंद होणार आणि ११ या मशीनवर चढत नाही. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे.

घरातली परिस्थिती सांगते. तीन फोन, दोन लॅपटॉप, डब्यात सात-आठ पेनड्राइव्ह. फोटो आणि व्हिडिओ मिळून साधारण ६०० जीबी, आणि कुठला कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बाबांच्या भजनी मंडळाच्या ७० कॅसेट. लॉकडाउनमध्ये मी त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या. तासाभराची कॅसेट वेव्ह फाइलमध्ये ६३५ एमबी होते, म्हणजे सगळं ४४ जीबीच्या आसपास. बाबा आता नाहीत, मंडळातलेही दोघेच उरलेत. कॅसेटच्या फिती आता चिकटायला लागल्या आहेत, पुन्हा उतरवता येतील असं वाटत नाही. गेल्या महिन्यात मुलाने चुकून एक पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. त्यात यातल्या अकरा कॅसेट होत्या. लॅपटॉपवर प्रत होती म्हणून वाचले, पण त्या रात्री झोप लागली नाही.

हे सगळं एका ठिकाणी ठेवायचं, घरातल्या कुठल्याही फोनवरून दिसायला हवं. हा डेस्कटॉप त्या कामाला चालेल का? मी शाळेत शिकवते. विंडोज टाकता येतं, लिनक्स कधी पाहिलेलं नाही. दिवाळीची सुट्टी हाताशी आहे.

सदाशिव_लिनक्स | ८ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ताई, नक्की चालेल. फाइल सर्व्हरला प्रोसेसरचं काम फार थोडं असतं. तुमचा आय-३ त्यासाठी गरजेपेक्षा जास्तच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये दोन नावं कायम कानावर येतील. एक ट्रूनॅस. उत्तम आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. दुसरं ओपनमीडियाव्हॉल्ट. ते डेबियन लिनक्सवर उभं आहे आणि ४ जीबीत आरामात चालतं. तुम्ही दुसरं घ्या. एकदा बसवलं की मॉनिटर, कीबोर्ड काढून टाकायचे. पुढचं सगळं लॅपटॉपच्या ब्राउझरमधून होतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची वेळ क्वचितच येईल.

दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण इथेच नवशिक्यांचा घात होतो. ओपनमीडियाव्हॉल्ट ज्या डिस्कवर बसतं ती पूर्ण डिस्क घेतं. म्हणून सिस्टिमसाठी एक छोटी वेगळी एसएसडी घ्या, १२० जीबीची पुष्कळ झाली. आणि इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा. चुकीची डिस्क निवडली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरं म्हणजे आत्ताच्या ५०० जीबीवर सगळं ठेवू नका. ६०० जीबी त्यात मावणारही नाही. ४ टीबीची नवी डिस्क घ्या. जुन्या बोर्डवर २ टीबीपेक्षा मोठी डिस्क चालत नाही असं दुकानात सांगतील. ती अडचण बूट करायच्या डिस्कची असते. नुसत्या डेटासाठी जीपीटी या डिस्क-विभागणीच्या नव्या पद्धतीने फॉरमॅट केली की लिनक्स पूर्ण ४ टीबी वापरतं.

मीटर_रीडर | ८ ऑक्टोबर, रात्री ११:०२

सगळे उत्साहात आहेत, म्हणून विजेचा हिशेब मांडतो. त्या काळचा डेस्कटॉप नुसता बसून राहिला तरी ४० ते ६० वॅट खातो. ६० धरा. ६० गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे महिन्याला ४३ युनिट. वर्षाला सव्वापाचशेच्या वर. वरच्या स्लॅबमध्ये गेलात तर ही युनिटं महाग दरानेच मोजली जाणार. दोन-तीन वर्षांच्या बिलात कमी विजेचं तयार यंत्र येईल.

माझं प्रामाणिक मत आहे की २४ तास चालणाऱ्या कामाला जुना डेस्कटॉप लावू नये. जुना लॅपटॉप असेल तर तो लावा. १२ वॅटचा लॅपटॉप महिनाभरात ९ युनिटही घेत नाही.

लोकलकर | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

वाचतोय. माझ्याकडेही असाच एक पडून आहे. वाचनखूण साठवली.

तपकीरकर | ९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

बुधवार पेठेत वीस वर्षं दुरुस्तीच्या धंद्यात आहे. सॉफ्टवेअरचं वरच्यांनी सांगितलं, मी पेटीचं सांगतो.

माळ्यावरून काढलेला सीपीयू तसाच चोवीस तास चालवायला घेऊ नका. आधी बाजूचं झाकण काढा. ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून; मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा, नळकांड्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेलं किंवा तपकिरी चिकट सुटलेलं दिसलं तर तो बोर्ड विसरा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली असणार, बदला. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, नवा टाका. नाहीतर दर वेळी लाइट गेल्यावर तारीख आणि सेटिंग विसरेल.

एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र नवा घ्या. यात काटकसर नको. चौदा वर्षांचा एसएमपीएस गेला तर एकटा जात नाही, डिस्क घेऊन जातो. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या डिस्कपैकी कितीतरी अशाच असतात. आणि जुन्या चार पिनच्या कनेक्टरवरून साटाची, म्हणजे डिस्कच्या नव्या जोडणीची, वीज देणारे स्वस्त जोड वापरू नका. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे असतात, आत तारा एकमेकींना लागतात आणि जळतात. जळलेला वास दोनदा घेतलाय.

अर्थिंग तपासा. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा, मग सर्व्हर.

लोकलकर | ९ ऑक्टोबर, दुपारी २:१०

+१. आणि एसएमपीएसमध्ये पाल आहे का तेही बघा. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एकदा दोन निघाल्या होत्या, सहकुटुंब.

लॅपटॉपवाला | ९ ऑक्टोबर, रात्री ८:४५

मीटर_रीडर यांना अनुमोदन. जुन्या लॅपटॉपवर गेली तीन वर्षं चालवतोय. स्क्रीनच्या बिजागऱ्या तुटल्या होत्या, बाकी धडधाकट. वीज कमी, आणि लाइट गेली तर स्वतःची बॅटरी.

पण एक सावधगिरी. कायम चार्जिंगला राहिलेली बॅटरी फुगते. माझी इतकी फुगली की टचपॅड वर आला. ज्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे तिथे ती लावा. नसेल तर बॅटरी काढून ॲडॉप्टरवर चालवा. मग छोटा यूपीएस लागेलच. शिवाय लॅपटॉपमध्ये मोठी डिस्क बसत नाही, यूएसबीवर लावावी लागते. वायर हलली, डिस्क सुटली, हे माझ्याकडे दोनदा झालं. साटावर थेट लावलेल्या डिस्कची मजबुती त्यात नाही. प्रीतिसंगम यांच्या जागी मी असतो तर डेस्कटॉपच घेतला असता, फक्त चोवीस तास चालवला नसता.

यवतमाळकर | ९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

आमच्या इकडे लाइन दिवसातून तीन-चारदा जाते, म्हणून हे लिहितो. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं याचं एक सेटिंग असतं. ते 'चालू' वर ठेवा. नाहीतर लाइन आल्यावर कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. पण यूपीएसशिवाय हे करू नका, कारण लाइन येते-जाते-येते असं पाच मिनिटांत चारदा होतं, आणि तो झटका डिस्कला वाईट.

यूपीएस घेताना मागे यूएसबी किंवा डेटाचा पोर्ट असलेला घ्या. तो सर्व्हरला जोडला आणि एनयूटी नावाचं प्लगइन ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये टाकलं की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. घरी कोणी नसताना याचा फार आधार वाटतो.

प्रीतिसंगम | ९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या कॅबिनेट उघडते. एसएमपीएस, एसएसडी आणि ४ टीबीची डिस्क मागवली. वीज मोजायला सॉकेटमध्ये लावायचं मीटरही मागवलंय, मग मीटर_रीडर यांना खरा आकडा देते.

ढगातला_माणूस | १० ऑक्टोबर, सकाळी ११:१५

वेगळं मत मांडतो. एवढा खटाटोप कशासाठी? डिस्क, एसएमपीएस, एसएसडी, यूपीएस, वीज, वर तुमची सुट्टी. एवढ्या पैशात क्लाउडवर दोन टीबी जागा काही वर्षं भाड्याने मिळते. तिथे डिस्क मेली तर बदलायला त्यांची माणसं आहेत. तुमच्या घरात डिस्क मेली तर कोण आहे? गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली तेव्हा मीही चिडलो होतो. पण शेवटी पैसे भरले आणि निश्चिंत झालो.

सदाशिव_लिनक्स | १० ऑक्टोबर, दुपारी १२:४०

@ढगातला_माणूस, निश्चिंत झालात हे चांगलं, पण त्या खात्याचा पासवर्ड गेला किंवा खातं बंद पडलं तर? आणि भाडं जन्मभर भरायचं आहे. घरात मुलं लॅपटॉपवर व्हिडिओ जोडतात, ते काम इंटरनेटवरून होत नाही. माझ्या मते हा 'हे की ते' असा प्रश्नच नाही. घरात एक प्रत, बाहेर एक प्रत. ताईंच्या ४४ जीबीच्या कॅसेटना तर क्लाउडचं भाडंही किरकोळ पडेल.

वाशिष्ठीकाठ | १० ऑक्टोबर, रात्री ११:५०

सहसा मी नुसताच वाचतो. आज लिहितो, कारण बाहेरच्या प्रतीचा विषय निघाला.

मी चिपळूणचा. माझ्याकडे दोन प्रती होत्या. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दर रविवारी न चुकता कॉपी करायचो. संगणक तळमजल्यावर टेबलावर आणि ती डिस्क त्याच खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात. २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी आत आलं. आम्ही आईला वर नेलं, कागदपत्रांची पिशवी नेली, सिलिंडर बांधला. डिस्कची आठवण झाली तेव्हा कपाट पाण्याखाली होतं. चिखल उपसल्यावर दोन्ही सापडल्या. डेटा काढणाऱ्यांकडे पाठवल्या, एकीतून थोडं निघालं, दुसरीतून काहीच नाही. मुलीची पहिली पाच वर्षं गेली. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो तेवढे परत मिळाले, लहान, धुरकट.

पुरात दोन प्रती असूनही माझी एकच प्रत होती, कारण दोन्ही एका खोलीत होत्या. ताई, तुमच्या नावावरून तुमचं गाव संगमावरचं दिसतं. सर्व्हर कितीही चांगला करा, बाबांच्या कॅसेट दुसऱ्या गावात कुणाकडे तरी ठेवा. आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर.

प्रीतिसंगम | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

@वाशिष्ठीकाठ, वाचून पोटात कालवलं. तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. सर्व्हर माडीवर ठेवते. दुसरी प्रत नाशिकला भावाकडे.

फोटोवेडी | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:००

लग्नाचे फोटो काढते, त्यामुळे डेटा हा माझा धंदा आहे. आता कुणीतरी दोन डिस्क रेडमध्ये, म्हणजे एकत्र जोडून एकच असल्यासारख्या, लावायला सांगेलच, म्हणून आधीच लिहिते.

रेड १ म्हणजे आरसा. एका डिस्कवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक मेली तर दुसरीवर काम चालू राहतं. पण आरशात पुसलेलंही दिसतं. एकदा माझ्या मदतनिसाने चुकून एका लग्नाचं अख्खं फोल्डर पुसलं. दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेलं. तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात, वायर काढलेली होती, म्हणून त्या नवरीसमोर उभी राहू शकले.

घरगुती वापराला रेड लावूच नका असं माझं मत आहे. दुसरी डिस्क घेणारच असाल तर ती वेगळी ठेवा आणि रोज रात्री आरसिंकने, म्हणजे फक्त बदललेलं कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने, तिच्यावर कॉपी करा. सकाळी चूक लक्षात आली तर कालचं तरी हाती राहतं. फोटोवाल्यांमध्ये ३-२-१ चा नियम चालतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल परत आणून उघडून बघा. नुसती यादी बघून समाधान मानू नका. मी एकदा सहा महिने रिकाम्या फाइलींचा बॅकअप घेत होते.

सदाशिव_लिनक्स | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

रेडबद्दल पूर्ण सहमत नाही. ज्याचं काम थांबलं तर नुकसान आहे त्याने रेड लावावं, दुकान किंवा ऑफिस असेल तर. घरी एक दिवस सर्व्हर बंद राहिला तर काही बिघडत नाही, तिथे तुमचं बरोबर. फाइल परत उघडून बघायचा मुद्दा मात्र फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

प्रीतिसंगम | १८ ऑक्टोबर, रात्री ११:१०

बसवलं! सदाशिवदादा, डेटाची केबल काढून ठेवली होती, तुमचं ऐकलं. तपकीरकर, खोडरबरने रॅम घासली आणि पहिल्या फटक्यात बूट झाला. पाल निघाली नाही, मुंग्यांचं वारूळ निघालं. मीटर_रीडर, आकडा ४२ वॅट. म्हणजे चोवीस तास चालवला तर ३० युनिट. मी सायंकाळी ६ ते रात्री ११ एवढाच चालू ठेवणार आहे, म्हणजे महिन्याला सव्वासहा युनिट.

बाबांचा आवाज काल माडीवरच्या मशीनमधून स्वयंपाकघरातल्या फोनवर आला. आईने पोळ्या थांबवल्या आणि नुसती उभी राहिली.

आता अडचणी. एक, कॉपी फार सावकाश होते. लॅपटॉपला वायर लावूनही सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. दोन, काही फाइली जातच नाहीत. नाव लांब आहे असा संदेश येतो, पण लॅपटॉपवर तेच नाव नीट चालतंय. तीन, सगळ्यात विचित्र. 'कऱ्हाड भजनी मंडळ' नावाचं फोल्डर दोनदा दिसतं. नाव अक्षर न अक्षर सारखं. एकात ४३ फाइली, दुसऱ्यात २७. एकाच नावाची दोन फोल्डरं एका जागी कशी राहू शकतात?

तपकीरकर | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

११ एमबी हा आकडाच सांगतोय की तुमची लाइन १०० एमबीपीएसवर अडकली आहे. गीगाबिट असती तर ११० च्या आसपास आला असता. तीन जागा तपासा. मदरबोर्डचा पोर्ट, एच-६१ च्या स्वस्त बोर्डांवर कधीकधी १०० चाच असतो. राउटरचे पोर्ट, इंटरनेटवाले देतात त्या पेट्यांत बऱ्याचदा एखादाच गीगाबिट असतो. आणि केबल. गीगाबिटला आतल्या चारही जोड्या, म्हणजे आठ तारा लागतात. केबलवाले पोरं चारच तारा क्रिंप करून मोकळी होतात, कारण इंटरनेट तेवढ्यावर चालतं. प्लग उजेडात धरून तारा मोजा.

प्रीतिसंगम | १९ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

मोजल्या. चार!

रेफवाली | १९ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

तिसरी अडचण माझ्या आवडीची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची दोन नावं सारखी दिसतात, सारखी नाहीत. फरक त्या ऱ्ह मधल्या अर्ध्या र मध्ये आहे. तो संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर उमटतं आणि त्याला हलन्त लागतो. दुसऱ्यावर साधा र, मग हलन्त, आणि त्याच्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्हींचा आकार सारखाच. पण संगणकाच्या लेखी पहिल्या पद्धतीत 'कऱ्हाड' सहा चिन्हांचं आणि दुसऱ्या पद्धतीत सात चिन्हांचं. काही फाइली तुम्ही लॅपटॉपवर आणि काही फोनवर नाव देऊन ठेवल्या असणार. कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, दुसऱ्या, सगळीकडे हे होतं. म्हणूनच शोधल्यावर निम्म्याच फाइली सापडतात.

दुसरी अडचण त्याच घरातली. लिनक्सच्या ईएक्सटी४ या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन. म्हणजे ८५ चिन्हं, आणि यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. विंडोजच्या एनटीएफएस या पद्धतीत मर्यादा २५५ चिन्हांची असते, म्हणून तिथे तुमची नावं चालली. तुमचं 'कऱ्हाड' एका पद्धतीत १८ बाइट खातं आणि दुसऱ्या पद्धतीत २१.

तारीख, ठिकाण, अभंगाची पहिली ओळ, गाणाऱ्याचं नाव असं सगळं फाइलच्या नावात घातलं असेल तर ते छोटं करा, आणि बाकी माहिती ऑडिओ फाइलच्या टॅगमध्ये किंवा शेजारच्या एका मजकूर फाइलमध्ये लिहा. पण लिहा. पन्नास वर्षांनी 'कॅसेट ३७' वरून कुणाला काही कळणार नाही.

प्रीतिसंगम | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

अगदी तेच! निम्म्या फोनवरून केल्या होत्या. पाच वर्षं मला वाटत होतं की २७ फाइली माझ्याच हातून हरवल्या.

आजोबा_७२ | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

अवांतर: गावाचं नाव कराड की कऱ्हाड? आमच्या लहानपणी घरात कऱ्हाडच म्हणत, एसटीच्या पाटीवर कराड.

प्रीतिसंगम | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

दोन्ही, आजोबा. पत्त्यावर कराड, बाबांच्या तोंडी कऱ्हाड. मंडळाच्या वहीवर त्यांनी कऱ्हाड लिहिलंय, म्हणून फोल्डरलाही तेच.

आजोबा_७२ | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४०

बरं वाटलं. माझीही एक अडचण. वीस वर्षांपूर्वी मी आत्मचरित्राची पन्नासेक पानं टाइप केली होती, तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये. आता उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. हे सर्व्हरवर ठेवून उपयोग आहे का?

रेफवाली | १९ ऑक्टोबर, रात्री ८:१५

आजोबा, नक्की ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाइक संकेतांच्या, आधी मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मजकूर कळत नाही. फॉन्टचं नाव शोधा, त्याचा युनिकोड परिवर्तक मिळतो. परिवर्तन झाल्यावर शब्द न् शब्द वाचून घ्या, जोडाक्षरं हमखास चुकतात. मूळ फाइल, फॉन्टची फाइल आणि युनिकोड प्रत, तिन्ही एकत्र ठेवा. वाचून घ्यायला कुणी नसेल तर मला निरोप पाठवा, मी वाचीन.

सदाशिव_लिनक्स | १९ ऑक्टोबर, रात्री ९:००

ताई, दोन फोल्डरं एकत्र करायला हाताने नावं बदलत बसू नका. पायथनच्या चार ओळींत सगळीकडचा जॉइनरवाला र बदलून एकाच पद्धतीचा करता येतो. निरोपात पाठवतो. आधी सगळ्याची प्रत काढा, मगच चालवा.

लोकलकर | २० ऑक्टोबर, सकाळी ८:१०

लोकलमध्ये असताना घरच्या फाइली बघता येतील का? राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडायचा असं एका व्हिडिओत दाखवलंय.

सदाशिव_लिनक्स | २० ऑक्टोबर, सकाळी १०:३०

कृपा करून तसं करू नका. फाइल शेअरिंगचा (एसएमबीचा) पोर्ट इंटरनेटला उघडा टाकणं म्हणजे दार सताड ठेवून गावाला जाणं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरलं ते याच एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. सर्व्हरवर एसएमबी १ बंदच ठेवा.

तसंही आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, अनेक घरं एकाच पत्त्यामागे असतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही त्यातले. तिथे पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केल किंवा वायरगार्ड वापरा, ती आपल्याच यंत्रांमध्ये खासगी वाट तयार करतात. टेलस्केल अशा जोडणीवरही चालतं. फोन आणि सर्व्हर दोन्हींवर टाकलं की बाहेरूनही घरातल्यासारखं दिसतं, आणि तिसऱ्याला दिसत नाही.

मीटर_रीडर | २० ऑक्टोबर, दुपारी १:००

४२ वॅट आणि दिवसाला पाच तास असेल तर माझी हरकत मागे घेतो. फक्त रात्रीची कॉपी त्या पाच तासांतच बसवा, नाहीतर मध्यरात्रीचं काम ठरलेलं आणि मशीन बंद, असं होईल.

प्रीतिसंगम | १६ नोव्हेंबर, रात्री १०:००

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, म्हणून उशिरा लिहितेय.

केबल बदलली, आठ तारांची. राउटरऐवजी पाच पोर्टचा गीगाबिट स्विच मध्ये घातला. वेग १०८. दोन फोल्डरं एक झाली, ७० च्या ७० फाइली एका जागी आल्या.

नाशिकची प्रत: पहिल्यांदा सगळं इंटरनेटवरून पाठवायचं म्हटलं तर आमच्या जोडणीवर कित्येक दिवस लागले असते. म्हणून भाऊबीजेला भाऊ आला तेव्हा डिस्क भरून, कुलूपबंद करून म्हणजे एन्क्रिप्ट करून, त्याच्याच पिशवीत दिली. ओवाळणीत त्याने मला काय दिलं ते सांगत नाही, मी त्याला ४ टीबी दिले. आता रोज रात्री ९ वाजता फक्त नवं किंवा बदललेलं टेलस्केलवरून जातं. काल फोटोवेडी यांनी सांगितल्याप्रमाणे नाशिकहून एक फाइल परत आणून ऐकली. १९९१ ची कार्तिकी, टाळ थोडे पुढे-मागे, पण पूर्ण.

एकच शंका उरली. जुनी ५०० जीबीची डिस्क मी रोजच्या प्रतीसाठी लावली आहे, फक्त कॅसेटसाठी. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या, पानावर ती २१,९०० तास चाललेली दाखवते. क्रमांक ५ पुढे शून्य, १९७ पुढे शून्य, पण १९९ पुढे ४१२. डिस्क जाणार आहे का?

तपकीरकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे आणि बदलायच्या रांगेतले. हे दोन्ही शून्य आहेत, म्हणजे तबकडी ठीक. १९९ हा बहुतेक वेळा डिस्कचा दोष नसतो, साटा केबलवरून जाताना खराब झालेल्या डेटाची ती मोजणी आहे. जुनी लाल केबल असेल, तिची पकड ढिली पडते. खटका असलेली नवी केबल लावा. आणि तो ४१२ आकडा नवी केबल लावल्यावरही शून्य होणार नाही, तो कायमचा लिहिलेला असतो. वाढतोय का तेवढंच बघा. ५ किंवा १९७ हलला तर मात्र त्याच दिवशी डिस्क बदला. अडीच वर्षांइतके तास झालेत, त्यामुळे तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

वाशिष्ठीकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नाशिकला प्रत गेली हे वाचून फार बरं वाटलं. मीही या महिन्यात जुना डेस्कटॉप उघडतोय, डोंबिवलीला बहिणीकडे ठेवायला. टेलस्केलच्या वेळी त्रास देईन.

सदाशिव_लिनक्स | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

द्या, केव्हाही.

प्रीतिसंगम | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

केबल बदलून आठवडा झाला. आज पाहिलं, अजून ४१२ च आहे.